पालथं पडून साठ सेकंद

आकुर्डी,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शालनताई,

सप्रेम जयभीम. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. तुझ्या माहेरचा औशाचा पत्ता मला पाठ आहे. तुझ्या भाच्याच्या बारशाला झबल्यांचं पार्सल मीच पोस्टात टाकलं होतं. काल पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अर्ज पाठवायचाय का?" मी म्हटलं, नाही, पत्र पाठवायचंय. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघून घेतलं.

तू कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? तिकडे थंडी पडली असेल, रात्री तेल लावून शेकत जा. तुझ्या सोनूचं दहावीचं वर्ष. त्याला तिकडची शाळा मानवली का? इकडे सगळं ठीक आहे. आई तुझी आठवण काढते आणि काढली की माझ्याकडे बघते. मी विषय बदलते. आपल्या कंपनीत तेच चाललंय. सकाळची बस, चाकणच्या चौकात अर्धा तास खोळंबा, कॅन्टीनच्या पोह्यांत शेंगदाणे शोधत बसायचं.

बातमी एकच आहे. ती ऐकून तू मला वेडी म्हणशील, आणि तेवढं म्हणण्यापुरतं तरी उत्तर पाठवशील अशी आशा आहे. मी विमानातून उडी मारणार आहे. पॅराशूट घेऊन, अर्थात.

झालं असं, की मावशीकडे सांगवीला गेले होते. नदीकडच्या मैदानावर पाच-सहा माणसं चटईवर पालथी पडलेली दिसली. हात वर, पाय वर, मान वर, फक्त पोट जमिनीला. बाळ नुकतं पालथं पडायला लागतं ना, अगदी तशी. त्यांत एक शंभर किलोचा दाढीवाला होता आणि तो कण्हत होता. मला इतकं हसू आलं की आवरेना. त्यांच्या डोक्याशी काठीसारखा ताठ एक म्हातारा उभा होता, हातात घड्याळ. त्याने मान न वळवता विचारलं, "हसतीस व्हय? ये, पडून दाखव. मिनिटभर."

तू मला ओळखतेस. असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ओढणी बांधली आणि पडले. अकरा सेकंद, ताई! अकराव्या सेकंदाला मांड्या थरथरायला लागल्या आणि मी तोंडावर आपटले. दाढीवाला कण्हायचं सोडून हसायला लागला.

म्हाताऱ्याचं नाव लक्ष्मणराव. मावळातला गडी, फौजेत पॅराशूटवाल्या पलटणीत हवालदार होता, आता सांगवीत मुलाकडे राहतो. ज्यांना पहिल्यांदा उडी मारायची असते त्यांना तो आधी शरीराने तयार करतो. उडी इथे नसतेच. ती दुसऱ्या राज्यातल्या एका धावपट्टीवर, आठवड्याभराच्या कोर्सात. पण त्या कोर्सवाल्यांना लक्ष्मणरावची सही लागते, आणि हा माणूस सही सहजी देत नाही. दाढीवाला म्हणजे तौसिफ, कासारवाडीचा मेकॅनिक. कोर्सवाल्यांची अट नव्वद किलोची, म्हणून त्याचं रडगाणं वेगळंच. मला म्हणाला, "दीदी, तुम्हाला फक्त खाली पडायचंय. मला आधी बिर्याणीतून वर यायचंय."

मला वाटायचं, उडी मारायला काय लागतं? धाडस. विमानाचं दार उघडलं, डोळे मिटले, गेलं. लक्ष्मणराव म्हणतात, धाडस फुकट मिळतं, मान मिळत नाही. पॅराशूटची छत्री उघडते तेव्हा एवढा झटका बसतो की मान कच्ची असेल तर आठवडाभर वळत नाही. म्हणून रोज कपाळाला हात लावून हाताने मागे ढकलायचं आणि मानेने पुढे. मग डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, मागून. त्यानंतर ती पालथी कमान. हवेत पडताना शरीर तसंच ठेवावं लागतं. कंबर पुढे, छाती उघडी, हनुवटी वर. जरा आखडलं की माणूस हवेत गरागरा फिरतो. एक मिनिट, तीन वेळा. त्याशिवाय बैठका. आडव्या बारला लोंबकळणं, कारण छत्री वळवायला दोन्ही हात डोक्यावर धरून दोऱ्या ओढाव्या लागतात. आणि चार फुटी ओट्यावरून पाय जुळवून उडी, गुडघे किंचित वाकवून, जमिनीला लागताच कुशीवर लोळायचं. पहिल्या दिवशी मी दोन्ही पायांवर ताठ उतरले. झणझण डोक्यापर्यंत गेली.

पाठीवर वजन घेऊन जिने चढायचे आहेत. छत्रीचं ओझं दहा-बारा किलो असतं. मी चाकणच्या मार्केटमधून बारा किलो कांदे आणले, जुन्या सॅकमध्ये भरले आणि आमच्या बिल्डिंगचे पाच मजले रोज दहा वेळा चढते. शेजारचे विचारतात, कांदे विकता का.

सहा आठवड्यांचा तक्ता आहे. रोजच्या व्यायामापुढे खूण करायची. पहिला आठवडा आज संपला, पान खुणांनी भरलं. सहा आठवड्यांनी परीक्षा, आणि डिसेंबरच्या शेवटी बॅच. मी जाणारच, ताई. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आखडून बसायचा कंटाळा आला आहे, एवढं खरं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. दे.

तुझी,
नेहा


आकुर्डी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

जयभीम. पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं. फाडलं असलंस तरी हातात घेतलं असशील. तेवढ्यावर हे दुसरं लिहिते.

काल सहा डिसेंबर. आई आणि मी सकाळी पिंपरी चौकात जाऊन आलो. दरवर्षी तू बरोबर असायचीस. तुझ्या पिशवीत बिस्किटचा पुडा असायचा आणि तू रांगेतल्या अनोळखी पोरांनाही वाटायचीस. काल आईने तसाच पुडा घेतला आणि न वाटताच घरी आणला.

डिसेंबरची बॅच माझी गेली. लक्ष्मणरावांनी मला परत पहिल्या आठवड्यावर आणलं. कसं, ते सांगते.

आधी कांद्यांचं. तिसऱ्या आठवड्यात मी पाच मजले बारा वेळा चढले आणि धाप लागली नाही. चौथ्या आठवड्यात पंधरा वेळा. मी फुगले. तौसिफला म्हटलं, बघ, तुझं वजन उतरत नाही आणि माझी ताकद चढतेय. त्याने सॅक उचलली आणि म्हणाला, "यात बारा किलो? राव, हे तर सहा पण नसेल." गॅरेजच्या काट्यावर ठेवली तर पाच किलो आठशे. आई रोज भाजीला त्यातलेच कांदे काढत होती! घरात एवढे कांदे असताना बाजारातून का आणायचे, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. लक्ष्मणराव हसले नाहीत. ते म्हणाले, "तक्त्यावर तर बारा लिवलंय. रोज." मी म्हटलं, पहिल्या दिवशी मोजलं होतं ना.

त्यांनी सॅक माझ्या हातात परत दिली. पण मंगळवारी, शिफ्ट सुटल्यावर मी सांगवीला पोचले तर त्यांनी आधी तक्ता मागितला. मी दिला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि विचारलं, "आज वार कंचा?"

"मंगळवार."

"मग सनवार-ऐतवारचा व्यायाम कवा केलास?"

तक्त्यावर येत्या रविवारपर्यंत खुणा होत्या, ताई. मी दर सोमवारी सकाळी बसमध्ये बसून आठवड्याचं पान भरून टाकायची. फसवायचं म्हणून नाही. व्यायाम मी करत होते, एखाददुसरा दिवस सोडला तर. पण कागद समोर आला की हात आपोआप खालपर्यंत जातो. तौसिफ पुन्हा हसायला लागला, मीही हसले. म्हटलं, "कंपनीची सवय आहे हो. चेकशीट आम्ही अशीच भरतो. सगळ्याच कंपन्यांत भरतात."

"कंपनीत काय तपासतीस?" त्यांनी विचारलं.

मी ओढणी सोडून परत बांधायला लागले.

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. झाडाच्या फांदीला एक जुना पट्ट्यांचा साज टांगलेला असतो. तो अंगावर चढवून लोंबकळायचं आणि छत्री उघडली नाही तर दुसरी कशी ओढायची, त्याचा सराव करायचा. बघ, पकड, ओढ. दिवसाला दोनशे वेळा. तौसिफ तो साज घालून तयार होता. लक्ष्मणराव मला म्हणाले, "ह्याचं पट्टं बघ." मी गेले, वरून खाली नजर टाकली आणि म्हटलं, ओके. ते आले आणि तौसिफच्या डाव्या मांडीचा पट्टा नुसता उचलला. कडी लागलेलीच नव्हती. त्यांनी मुद्दाम सोडून ठेवली होती. माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती आणि मी ओके म्हटलं होतं.

"आमच्यात सामान तीनदा बघत्यात," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा दुसऱ्यानं बघायचं. अन् ज्यानं बघितलं त्यानं हात लावून बघायचं. तू डोळ्यानं सुदीक बघितलं न्हाईस." आणि तक्ता माझ्या हातात दिला. कोरा. "उद्यापास्नं पयला आठवडा."

मी भांडले. म्हटलं, पाच आठवडे घाम गाळलाय, साठातले पन्नास सेकंद होतात आता, एका पट्ट्यावरून बॅच घालवता? ते म्हणाले, "व्हय." मी चप्पल घालून निघाले. पुलापर्यंत चालत गेले, बस सोडली, दुसरी बस सोडली. मग परत गेले. ते तिथेच चटया गुंडाळत होते. मी विचारलं, उद्या किती वाजता. त्यांनी वेळ सांगितली आणि चटई माझ्या हातात दिली.

तर पहिल्या आठवड्यावर आहे. रोज रात्री झोपण्याआधी खूण करते. कांदे रोज मोजते. आईने आता वेगळे दोन किलो आणले आहेत आणि माझ्या सॅकला हात लावत नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. ऑगस्टमध्ये मला सुपरवायझर केलं. कॅन्टीनमध्ये पेढे वाटायला सांगितले, मी वाटले. तू असतीस तर तू वाटले असतेस. आणखी एक. मागच्या पत्रात मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली. हाताची केली नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल.

हात कसा आहे, ताई?

नेहा


आकुर्डी,
रविवार, १८ जानेवारी २०२६

शालनताई,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी आहेत आणि मला त्या पाठ आहेत, तरी परत लिहिते, म्हणजे मला त्यांच्यापासून पळता येणार नाही. "व्यायाम कळला. वीस मार्चला सकाळी तू काय केलंस ते लिही. २९ जानेवारीला लेबर कोर्टात तारीख आहे."

डाव्या हाताने लिहिलं आहेस. अक्षरं मोठी आणि तिरकी आहेत, पण एकही खाडाखोड नाही.

लिहिते.

आपल्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या पाच नंबरच्या प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाची जाळी आहे, डोळ्यांना न दिसणारी. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबली पाहिजे. रोज पहिल्या शिफ्टला लाइन लीडरने, म्हणजे मी, त्यात लाकडी दांडी घालून बघायचं आणि चेकशीटवर खूण करून सही करायची. हे तुला सांगायची गरज नाही. मी नवीन असताना ती दांडी माझ्या हातात तूच दिली होतीस. हे मी तुझ्या वकिलांसाठी लिहिते आहे.

सतरा मार्चला, सोमवारी, मी दांडी घालून बघितलं. प्रेस थांबली. मग मी त्याच पानावर शनिवारपर्यंतच्या सगळ्या खुणा आणि सह्या करून टाकल्या. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी मी दांडीला हातही लावला नाही.

बुधवारी दुसऱ्या शिफ्टला जाळी विनाकारण प्रेस थांबवत होती. उत्पादन अडलं म्हणून मेंटेनन्सच्या भिवाने तिला वायर जोडून बंद करून टाकलं. दोन तासांसाठी म्हणून केलं आणि काढायचं राहिलं. हे त्याने मला अपघातानंतर आठवड्याने पार्किंगमध्ये सांगितलं. एप्रिलमध्ये तो नोकरी सोडून गेला. मी कुणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी, वीस तारखेला, सातला पाच मिनिटं कमी असताना तू प्रेसवर आलीस. तू रोज विचारायचीस तसं विचारलंस, "चेक केलंस ना गं?" मी पलीकडच्या लाइनवर ट्रे लावत होते. मी मान वर केली नाही. मी म्हटलं, "हो ताई, ओके आहे."

दांडी तुझ्यापासून दोन हातांवर खिळ्याला टांगलेली होती. मी नाही म्हटलं असतं तर तू स्वतः घालून बघितली असतीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दहा वाजून वीस मिनिटांनी तुझी दोन बोटं गेली.

इथे मी अर्धा तास थांबले होते. पुढचं लिहिते.

चौकशीत मला विचारलं, गुरुवारी सकाळी तपासणी केली होती का? समोर माझ्या सहीची चेकशीट होती. मी हो म्हटलं. त्या एका हो वरून त्यांनी लिहिलं, की सकाळी जाळी चालू होती, म्हणजे ती नंतर कामगाराने स्वतः बंद केली. तो कामगार तू. तुला त्यावरून काढलं. ज्या बाईने आख्ख्या शॉपफ्लोअरला दांडी घालायला शिकवलं, तिच्या नावावर मशीनशी छेडछाड केल्याचा ठपका लागला. तू हॉस्पिटलमध्ये मला विचारलंस, "नेहा, सकाळी चालू होती, तर मग बंद कुणी केली?" मी म्हटलं, डॉक्टर येतायत, आणि बाहेर गेले. नंतर आलेच नाही. तू आठ-दहा फोन केलेस, मी एकही उचलला नाही. मग तू नंबर ब्लॉक केलास आणि मला चक्क बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून तेही लिहून ठेवते.

मी घाबरले होते. नोकरी जाईल, केस होईल, आई-बाबांकडे कोण बघेल. हे खरं आहे, पण याने काही कमी होत नाही. तुलाही घर होतं.

आता आजचं. आज सकाळी परीक्षा झाली. थंडी होती, चटई दवाने ओली. मान झाली, बार झाला, ओट्यावरून दहा उड्या झाल्या, सगळ्या कुशीवर उतरल्या. मग कमान. पहिलं मिनिट झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला चाळिसाव्या सेकंदाला मांड्या जळायला लागल्या, दात वाजायला लागले. तौसिफ बाजूला उकिडवा बसून आकडे ओरडत होता. पन्नासला तो म्हणाला, बास झालं दीदी, एवढं चालतं. मी त्याला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. साठला लक्ष्मणरावांनी घड्याळ बंद केलं आणि मी तरी वरच होते. त्यांनी म्हटलं, "उतर आता, सपलं." शेवटी मला तौसिफचे पट्टे तपासायला सांगितले. मी सगळ्या सात कड्यांना हात लावला, ओढून बघितल्या आणि मग तोंडाने सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फॉर्मवर सही केली.

बॅच सत्तावीसला निघते. पहिली उडी एकोणतीसला, गुरुवारी.

मी त्यांना म्हटलं, मला मार्चच्या बॅचला टाका. ते बघतच राहिले. तीन महिन्यांत त्यांना एवढं गोंधळलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग मी त्यांना सांगितलं. पाच नंबरची प्रेस, दांडी, तू, मी. तोंडाने ज्यांना सांगितलं असे ते पहिलेच. कंपनीत काय तपासतेस, हे त्यांनी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर मी दीड महिन्याने दिलं.

त्यांनी चटई झटकली, घडी केली, परत उघडली. मग म्हणाले, "ती बाई आता काय करती?" मी म्हटलं, माहीत नाही, मी विचारलंच नाही. ते म्हणाले, "इचार." आणि जाता जाता, "कोर्टात लई येळ उभं ऱ्हावं लागतंय. तुझं पाय टिकतील. मानंचा व्यायाम सोडू नको."

दुपारी आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. ती रागावेल, रडेल, असं मी धरून चालले होते. तिने हात धुतले आणि विचारलं, "शालनला सांगितलंस का?" मी म्हटलं, आज लिहिते. "मग आधी ते कर. जेवण मागनं." बाबा आतून म्हणाले, "नोकरी जाईल, नेहा." आई म्हणाली, "जाईल तर जाईल." बाबांनी दुपारभर टीव्ही लावला नाही.

काल तुझं कार्ड घेऊन मी शिवाजीनगरला कोर्टापर्यंत जाऊन आले. शनिवार, बंद होतं, तरी गेले. कोर्ट कुठे आहे, कुठल्या बाजूने आत जायचं, ते बघून ठेवलं. उद्या सकाळी कंपनीत जाऊन सांगणार आहे, की एकोणतीसच्या गुरुवारी मी रजेवर आहे आणि कशासाठी आहे. राजीनामा देणार नाही. त्यांना काढायचं तर त्यांनी कारण लिहून काढावं. पाच नंबरच्या प्रेसवर गेल्या महिन्यापासून मी स्वतः दांडी घालते, रोज. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही. तू गेल्यावर आठ महिने घातली नव्हती, म्हणून सांगते.

ताई, हे पत्र जपून ठेव आणि वकिलांना दे. स्पीड पोस्टाने पाठवते आहे. चार पानं आहेत, चारही पानांवर खाली माझी सही आहे. आज बसून, वाचून, एकेक केली आहे. ते मला पिंजऱ्यात उभं करून उलटसुलट विचारतील, तेव्हा मी हेच सांगेन, एक शब्द कमी नाही. खोटं बोलल्याबद्दल माझ्यावर जे व्हायचं ते होऊ दे.

माफी मी मागत नाही. तुला ती नाकारायची मोकळीक हवी, आणि मी मागितली की तू देशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. म्हणून मागत नाही. तू माझ्याशी बोलू नकोस, वाटलं तर बघूही नकोस. फक्त त्या दिवशी ये. तुझं नाव ज्या कागदावरून खराब झालं, त्या कागदाबद्दल मी काय बोलते, ते तू तुझ्या कानांनी ऐकायला हवंस.

तू आता काय काम करतेस, ताई? आठ-दहा महिने मी विचारलं नाही. आज विचारते.

गुरुवार, २९ जानेवारी. कोर्ट उघडायच्या आधी मी दारात असेन.

नेहा बुद्धरत्न गायकवाड, वय २९
वीस मार्च २०२५ रोजी पहिल्या शिफ्टची लाइन लीडर,
जिने तपासलं नव्हतं